लियम ब्रेडी : एकही विश्वचषक न खेळलेल्या आयरिश मिडफिल्डरला एवढा मान का?

पूर्वरंग (प्रश्न) :

आयर्लंडच्या फुटबॉलविषयीचे माझे वाचन मँचेस्टर युनायटेडचा कर्णधार राहिलेल्या रॉय कीनपासून सुरू झाले आणि बराच काळ तिथेच घुटमळत राहिले. अलीकडे १९७० आणि १९८० च्या दशकांतील सामन्यांच्या जुन्या चित्रफिती पाहू लागल्यावर लियम ब्रेडी या डावखुऱ्या मिडफिल्डरचे नाव वारंवार समोर येत आहे. त्या काळातील जाणकार त्याला आयर्लंडच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या पहिल्या ओळीत बसवतात, आणि काही जण तर त्याला कीनच्याही वरचे स्थान देतात. नोंदी पाहिल्या की मात्र मन अडखळते. आयर्लंडकडून ७२ सामने आणि ९ गोल, पण विश्वचषकात एक मिनिटही खेळ नाही आणि युरो स्पर्धेतही नाही. आर्सेनलमध्ये इतकी वर्षे काढूनही लीगचे विजेतेपद नाही. युव्हेंटसने तर सलग दोन विजेतेपदे मिळाल्यावर लगेच त्याला जाऊ दिले.

कीनचा मोठेपणा आकड्यांतूनही कळतो, ब्रेडीचा तसा कळत नाही. तो नेमका कशासाठी मोठा मानला जातो, युव्हेंटसने त्याला का सोडले, आणि राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक जॅक चार्लटन यांच्याशी त्याचे काय बिनसले, हे कोणी सविस्तर सांगू शकेल का? केवळ आठवणींपेक्षा सामन्यांच्या आधारे लिहिलेले वाचायला मला अधिक आवडेल.

रानवाट :

इटलीविषयी आणि चार्लटनविषयी इथे माझ्यापेक्षा अधिक अभ्यास असलेले सभासद आहेत, म्हणून मी आर्सेनलच्या काळापुरते लिहितो.

ब्रेडीचा जन्म १३ फेब्रुवारी १९५६ रोजी डब्लिनमध्ये झाला. फुटबॉल घरातच होता. रे आणि पॅट हे त्याचे थोरले भाऊ इंग्लंडमध्ये व्यावसायिक फुटबॉल खेळले, आणि रे आयर्लंडच्या राष्ट्रीय संघातही होता. लियम घडला तो उत्तर डब्लिनमधील सेंट केव्हिन्स बॉइज या क्लबमध्ये. त्या काळी आयर्लंडमधील अनेक शाळांत गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हेच आपले खेळ मानले जात आणि फुटबॉलकडे इंग्रजांचा परका खेळ म्हणून पाहिले जाई. गेलिक खेळांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना परके खेळ खेळण्यास घातलेली बंदी १९७१ मध्ये उठली, यावरून त्या वातावरणाची कल्पना यावी. शाळेचा गेलिक सामना आणि आयर्लंडच्या शालेय फुटबॉल संघाचा सामना यांत निवड करण्याची वेळ आली, तेव्हा या मुलाने देशाचा संघ निवडला आणि त्यापायी त्याला शाळा सोडावी लागली. पुढे त्याने घेतलेल्या काही निर्णयांकडे पाहताना मला हा प्रसंग नेहमी आठवतो, कारण आपल्या खेळाच्या बाबतीत दुसऱ्याचे ऐकून घेण्याचा त्याचा स्वभाव कधीच नव्हता.

पंधराव्या वर्षी तो लंडनला आर्सेनलमध्ये दाखल झाला आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये बर्मिंगहॅम सिटीविरुद्ध बदली खेळाडू म्हणून मुख्य संघात उतरला. हा आर्सेनलच्या पडत्या काळाचा आरंभ होता. १९७१ मध्ये लीग आणि एफए कप (इंग्लंडमधील क्लबांची बाद फेरीची स्पर्धा) अशी दोन्ही अजिंक्यपदे मिळवणारा संघ विस्कटला होता, आणि १९७५ मध्ये तो सोळाव्या तर १९७६ मध्ये सतराव्या क्रमांकावर घसरला. लीगचे विजेतेपद का नाही, या आपल्या शंकेचे अर्धे उत्तर इथे आहे. उरलेले अर्धे उत्तर म्हणजे त्या काळातील लिव्हरपूल.

त्या संघात आयरिश खेळाडूंचा भरणा होता. गोलरक्षक पॅट जेनिंग्स, बचावपटू पॅट राइस आणि सॅमी नेल्सन हे उत्तर आयर्लंडचे, तर डेव्हिड ओ’लिअरी, फ्रँक स्टेपलटन आणि ब्रेडी हे आयर्लंड प्रजासत्ताकाचे. १९७६ पासूनचे व्यवस्थापक टेरी नील हेही उत्तर आयर्लंडचेच होते. या सर्वांत चेंडू कोणाकडे द्यायचा याविषयी कोणाच्याही मनात संभ्रम नसे. ब्रेडी शरीराने किरकोळ होता आणि उजव्या पायाचा वापर जवळजवळ टाळत असे, तरीही त्याच्याकडून चेंडू काढून घेणे अवघड होते, कारण चेंडू येण्याआधीच आपल्या मागे कोण उभे आहे हे त्याने हेरलेले असे.

आपण चित्रफिती पाहतच आहात, तर २३ डिसेंबर १९७८ चा टॉटनहॅमविरुद्धचा सामना अवश्य पाहावा. व्हाइट हार्ट लेनवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या घरच्या मैदानावर, आर्सेनलने तो ५-० असा जिंकला. ॲलन संडरलंडने तीन गोल केले, तरी लोकांच्या लक्षात राहिला तो ब्रेडीचा एकच गोल. पेनल्टी क्षेत्राच्या डाव्या कडेला त्याने प्रतिस्पर्ध्याच्या पायातून चेंडू हिसकावला, एक पाऊल पुढे टाकले आणि डाव्या पायाच्या बाहेरील कडेने असा फटका मारला की चेंडू आधी गोलच्या बाहेर जात आहे असे वाटावे आणि मग वळून दूरच्या वरच्या कोपऱ्यात शिरावा. त्या हंगामाअखेर व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने त्याला वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवडले. हे मत खेळाडूंचे असते, आणि मैदानावर समोर उभे राहिलेल्यांनी दिलेल्या या पावतीला मी चषकाइतकीच किंमत देतो.

१२ मे १९७९ चा एफए कपचा अंतिम सामना मँचेस्टर युनायटेडविरुद्ध होता. आर्सेनल मध्यंतरालाच २-० असे पुढे होते, आणि दोन्ही गोलांच्या उभारणीत ब्रेडी होता. ८६ व्या मिनिटापर्यंत तसेच चालले, आणि मग दोन मिनिटांत युनायटेडने दोन गोल करून बरोबरी साधली. आर्सेनलचे खेळाडू पुरते खचलेले असताना ब्रेडीने चेंडू घेतला, मोजे घोट्यापर्यंत उतरलेल्या अवस्थेत तो मैदानाच्या मध्यातून पुढे धावत गेला आणि डावीकडे ग्रॅहम रिक्सला पास दिला. रिक्सचा क्रॉस दूरच्या खांबापाशी संडरलंडने जाळ्यात लोटला. नोंदवहीत गोल संडरलंडच्या नावावर आहे आणि शेवटचा पास रिक्सच्या. ब्रेडीच्या वाट्याला आकडेवारीत काहीच येत नाही. आपल्याला आकड्यांतून त्याचा मोठेपणा का कळत नाही, याचे याहून स्पष्ट उदाहरण माझ्याकडे नाही.

निळी शाई :

रानवाट यांनी सोडलेला धागा मी १९८० पासून पुढे नेतो.

त्या हंगामात आर्सेनल सर्व स्पर्धा मिळून ७० सामने खेळले. एप्रिलमध्ये कप विनर्स कपच्या, म्हणजे देशोदेशींच्या चषकविजेत्या क्लबांच्या युरोपीय स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत त्यांची गाठ युव्हेंटसशी पडली. आर्सेनलच्या हायबरी या घरच्या मैदानावर १-१ अशी बरोबरी झाली, आणि तुरीनमध्ये राखीव फळीतून आलेल्या पॉल व्हेसन या तरुण खेळाडूने अगदी शेवटी गोल करून सामना जिंकून दिला. मेमध्ये मात्र सगळे हातचे गेले. १० मे रोजी एफए कपच्या अंतिम सामन्यात वेस्ट हॅमने १-० असे हरवले, आणि चारच दिवसांनी ब्रुसेल्समध्ये व्हॅलेन्सियाविरुद्ध कप विनर्स कपचा अंतिम सामना गोलशून्य राहून पेनल्टींवर गेला. व्हॅलेन्सियाचा मारिओ केम्पेस चुकला, ब्रेडी चुकला आणि शेवटी रिक्स चुकला. ब्रेडीचा आर्सेनलमधील काळ असा संपला. त्या क्लबकडून तो ३०७ सामने खेळला आणि त्याने ५९ गोल केले.

इटालियन फुटबॉलने १९६६ च्या विश्वचषकातील नामुष्कीनंतर परदेशी खेळाडूंना दारे बंद केली होती. ती १९८० मध्ये उघडली, पण प्रत्येक क्लबला एकच परदेशी खेळाडू घेण्याची मुभा होती. या मर्यादेचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. युव्हेंटसकडे ती एकमेव जागा होती, युरोपभरातून निवड करण्याइतका पैसा होता, आणि त्यांनी पाच लाख पाउंडांहून थोडी अधिक रक्कम मोजून निवडला तो काही आठवड्यांपूर्वी आपल्याच मैदानावर आपल्याला स्पर्धेबाहेर घालवणाऱ्या संघाचा सूत्रधार. त्याला दहा क्रमांकाची जर्सी मिळाली. संघात झोफ, जेंटिले, शिरेआ, काब्रिनी, तार्देल्ली असे खेळाडू होते, म्हणजे १९८२ मध्ये जगज्जेत्या ठरलेल्या इटलीचा कणाच तो. अशा संघात चेंडू फिरवण्याचे काम एका परक्या माणसाकडे सोपवले गेले, आणि पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळाले. युव्हेंटसकडून लीगमध्ये सर्वाधिक गोलही त्या वर्षी त्याचेच होते. ते आठच होते. पण त्या काळातील इटालियन बचाव पाहता आठ गोलांनी मिडफिल्डरने संघात पहिले येणे ही लहान गोष्ट नव्हती.

युव्हेंटसने त्याला का सोडले, याचे उत्तर त्याच्या खेळात सापडत नाही. १९८२-८३ पासून परदेशी खेळाडूंची मर्यादा दोनवर जाणार होती आणि युव्हेंटसने मिशेल प्लाटिनी व पोलंडचा झ्बिग्न्येव बोनिएक यांच्याशी करार केले. ब्रेडीला हे कळले तेव्हा १९८१-८२ चा हंगाम संपलेला नव्हता, आणि युव्हेंटस व फिओरेन्तिना यांचे गुण समान होते. १६ मे १९८२ रोजी शेवटच्या दिवशी युव्हेंटस कातान्झारोत खेळत होते आणि फिओरेन्तिना कालियारीत. दोन्हीकडे गोल होत नव्हता. पंचाहत्तराव्या मिनिटाला युव्हेंटसला पेनल्टी मिळाली आणि ती मारायला ब्रेडी पुढे आला. ज्या क्लबने आपल्याला नुकतेच नको म्हटले आहे त्या क्लबच्या विसाव्या विजेतेपदाचा चेंडू त्याच्यासमोर ठेवलेला होता. दोन वर्षांपूर्वी ब्रुसेल्समध्ये त्याची पेनल्टी अडवली गेली होती, हेही विसरता येत नाही. त्याने ती शांतपणे जाळ्यात मारली. फिओरेन्तिनाला गोल करता आला नाही आणि युव्हेंटसच्या जर्सीवर दुसरा तारा चढला (इटलीत दर दहा विजेतेपदांमागे एक तारा मिळतो).

तुरीनमधील लोक आजही त्याचे नाव आदराने घेतात, ते माझ्या मते त्या गोलाइतकेच त्या दिवशीच्या त्याच्या वागण्यामुळे. त्याने कुरकुर केली असती किंवा पेनल्टी दुसऱ्याला दिली असती, तरी कोणी दोष दिला नसता.

पुढे तो सांपदोरियाकडे गेला. नुकताच वरच्या श्रेणीत आलेला तो संघ १९८२-८३ च्या पहिल्याच सामन्यात प्लाटिनी आणि बोनिएक असलेल्या युव्हेंटसला १-० असे हरवून गेला. नंतर दोन वर्षे इंटर मिलान, मग आस्कोली. सात वर्षे एका परदेशी खेळाडूने त्या लीगमध्ये टिकून राहणे त्या काळी दुर्मीळ होते, आणि तो तिथली भाषाही उत्तम शिकला. मार्च १९८७ मध्ये तो वेस्ट हॅमकडे लंडनला परतला आणि १९९० मध्ये तिथेच थांबला.

पूर्वरंग :

दोघांचेही मनापासून आभार. कातान्झारोचा संदर्भ मला पूर्णपणे नवा होता. आता तर कोडे अधिकच गडद झाले आहे. ज्या खेळाडूला युव्हेंटसने आपल्या एकमेव जागेसाठी निवडले, तो हाताशी असताना आयर्लंडला १९७८ आणि १९८२ च्या विश्वचषकांत का पोहोचता आले नाही? आणि पोहोचले तेव्हा तो का नव्हता?

सायंछाया :

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देता येईल. ब्रेडी ३० ऑक्टोबर १९७४ रोजी अठराव्या वर्षी सोव्हिएत संघाविरुद्ध डब्लिनच्या डॅलीमाउंट पार्कवर पहिल्यांदा आयर्लंडकडून खेळला. जॉनी जाइल्स त्या वेळी खेळाडू आणि व्यवस्थापक अशा दोन्ही भूमिकांत होते, आणि मधल्या फळीत ते स्वतः त्याच्या सोबत होते. डॉन गिव्हन्सच्या तीन गोलांनी तो सामना आयर्लंडने ३-० असा जिंकला. म्हणजे गुणवत्ता होती, पण तोंडाशी आलेला घास पुन्हा पुन्हा हिरावला गेला. मार्च १९७७ मध्ये ब्रेडीच्या गोलाने डब्लिनमध्ये फ्रान्सवर १-० असा विजय मिळाला, तरी त्या गटातून फ्रान्स पुढे गेला. १९८२ च्या पात्रता फेरीत बेल्जियम, फ्रान्स आणि नेदरलँड्स एकाच गटात होते. आयर्लंडने नेदरलँड्सला मागे टाकले, फ्रान्सला डब्लिनमध्ये ३-२ असे हरवले, फ्रान्सइतकेच गुण मिळवले आणि तरी गोलफरकामुळे घरी राहावे लागले. मार्च १९८१ मध्ये ब्रुसेल्समध्ये स्टेपलटनचा एक गोल पंचांनी नाकारला आणि शेवटच्या मिनिटांत बेल्जियमने गोल करून सामना नेला. त्या नाकारलेल्या गोलाची सल आयरिश चाहत्यांच्या मनातून अद्याप गेलेली नाही.

दुसरा प्रश्न अधिक दुखरा आहे.

जॅक चार्लटन १९८६ च्या आरंभी आले. १९६६ च्या विश्वविजेत्या इंग्लंडचे हे बचावपटू अतिशय स्पष्ट विचारांचे होते. चेंडू लवकर प्रतिस्पर्ध्याच्या बचाव फळीच्या मागे टाकायचा, तिथे त्यांना वळून धावायला लावायचे आणि मग सर्वांनी मिळून दबाव टाकायचा, असा त्यांचा खेळ होता. मधल्या फळीत चेंडू थांबवून, मान वर करून, खेळाची गती ठरवणाऱ्या खेळाडूला त्या पद्धतीत जागाच राहत नाही. चेंडू त्याच्या डोक्यावरून जातो. सात वर्षे इटलीत खेळाची गती ठरवण्यासाठीच पैसे घेतलेल्या माणसाला हे किती खुपले असेल, हे समजण्यासारखे आहे.

आणि तरीही त्याने युरो १९८८ ची पात्रता फेरी मन लावून खेळली. ब्रुसेल्समध्ये बेल्जियमविरुद्ध २-२ अशी बरोबरी मिळाली ती शेवटच्या क्षणी त्याने मारलेल्या पेनल्टीमुळे. मे १९८७ मध्ये डब्लिनमध्ये मैत्रीपूर्ण सामन्यात ब्राझीलला १-० असे हरवले, तो गोलही त्याचाच. १४ ऑक्टोबर १९८७ रोजी बल्गेरियाविरुद्धचा शेवटचा पात्रता सामना आयर्लंडने २-० असा जिंकला, आणि त्या सामन्यात तो बहुतेकांच्या मते मैदानावरील सर्वोत्तम खेळाडू होता. सामना संपायला थोडाच वेळ उरला असताना, सतत पाय मारणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर चिडून त्याने लाथ मारली आणि पंचांनी त्याला बाहेर काढले. चार सामन्यांची बंदी आली, ती अपिलात दोनवर आली.

त्या क्षणी आयर्लंड पात्र ठरेल अशी आशाही कोणाला नव्हती, कारण बल्गेरियाला सोफियात स्कॉटलंडविरुद्ध केवळ बरोबरी पुरेशी होती. ११ नोव्हेंबरला स्कॉटलंडच्या गॅरी मकायने शेवटच्या मिनिटांत गोल केला आणि आयर्लंड इतिहासात प्रथमच मोठ्या स्पर्धेत पोहोचले. पुढे क्लबकडून खेळताना ब्रेडीच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि बंदीचा प्रश्नच उरला नाही. १२ जून १९८८ रोजी श्टुटगार्टमध्ये रे हॉटनच्या गोलाने आयर्लंडने इंग्लंडला हरवले, तेव्हा चौदा वर्षे ज्याने या संघासाठी वाट पाहिली तो खेळाडू संघाबाहेर होता.

यापुढचा प्रसंग मला आजही पाहवत नाही. ६ सप्टेंबर १९८९ रोजी डब्लिनमध्ये पश्चिम जर्मनीविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना होता. चार्लटननी ब्रेडीला पुन्हा संधी दिली आणि मध्यंतरही होण्याआधी त्याला बाहेर बोलावले. मध्यंतराला काही मिनिटेच उरली होती. तेवढी थांबता आली असती. त्याने त्याच दिवशी आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली. भर मैदानात, घरच्या प्रेक्षकांसमोर अशी वागणूक मिळावी असे त्याने काहीही केले नव्हते.

मधली फळी :

सायंछाया यांनी दिलेल्या घटनाक्रमाशी मी सहमत आहे, पण त्यातून चार्लटनविषयी जो निष्कर्ष निघतो तो मला एकांगी वाटतो.

पहिली गोष्ट अशी, की चार्लटननी ब्रेडीला टाळले असे म्हणता येत नाही. युरो १९८८ च्या पात्रता फेरीत त्यांनी त्याला सातत्याने खेळवले. त्यांची पद्धत आणि ब्रेडी एकत्र नांदू शकत नाहीत, हे मत त्या काळापुरते तरी निकालांनी खोटे ठरवले. स्पर्धेत तो नव्हता त्याचे कारण लाल कार्ड आणि गुडघा. दुसरे असे, की १९८९ मध्ये ब्रेडी तेहतीस वर्षांचा होता, त्या मोठ्या दुखापतीतून परतलेला होता, आणि त्याचा क्लब नुकताच दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. समोर पश्चिम जर्मनीचा संघ होता, जो पुढील वर्षी विश्वविजेता ठरला. मैत्रीपूर्ण सामन्यात असा प्रयोग करून पाहणे हे प्रशिक्षकाचे कामच आहे. मध्यंतराची वाट न पाहणे कठोर होते, हे मला मान्य आहे.

तिसरा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ब्रेडीच्या बाजूने बोलताना आपण पॉल मॅग्रा, रॉनी व्हेलन, रे हॉटन आणि केव्हिन शीडी यांना विसरतो. यांपैकी कोणीही केवळ धावणारा खेळाडू नव्हता. व्हेलन आणि हॉटन लिव्हरपूलमध्ये त्या काळातील सर्वांत सुरेख पासिंगचा खेळ खेळत होते. चार्लटननी त्यांच्याकडूनही वेगळे काम करून घेतले आणि त्यांनी ते केले.

सायंछाया :

शेवटच्या मुद्द्यानेच माझे म्हणणे अधिक बळकट होते. त्या खेळाडूंकडून ते जे उत्तम करू शकत होते ते करून घेतले गेले नाही. इटलीतील १९९० च्या विश्वचषकात आयर्लंड उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचले आणि देशभर जो आनंद उसळला त्याचे मोल मी जराही कमी करत नाही. मात्र त्या पाच सामन्यांत आयर्लंडने दोनच गोल केले, आणि निर्धारित वेळेत एकही सामना जिंकला नाही. इजिप्तविरुद्धचा गोलशून्य सामना पूर्ण पाहिला, तर दाट बचावासमोर एक नेमका पास देणारा माणूस नसण्याची किंमत काय असते ते दिसते.

रुमानियाविरुद्धची पेनल्टींची लढत जेनोआत झाली, म्हणजे सांपदोरियाच्या त्याच मैदानावर जिथे ब्रेडी दोन वर्षे खेळला होता. निर्णायक पेनल्टी मारली ती डेव्हिड ओ’लिअरीने. ब्रेडीचा हा आर्सेनलमधील जुना सहकारी चार्लटनच्या मर्जीतून उतरून जवळपास अडीच वर्षे संघाबाहेर होता आणि युरो १९८८ साठीही निवडला गेला नव्हता. त्याला परत येण्याची वाट मिळाली, ब्रेडीला मिळाली नाही. वय आणि गुडघा यांविषयी मधली फळी म्हणतात ते खरे आहे, आणि पूर्ण नव्वद मिनिटे खेळण्याची अपेक्षा मीही ठेवली नसती. शेवटची वीस मिनिटे, थकलेल्या बचावासमोर, इटलीत, जिथली मैदाने आणि पंचही त्याच्या परिचयाचे होते, एवढेच माझे म्हणणे आहे.

पूर्वरंग :

हा वाद वाचून मला दोन्ही बाजू अधिक स्पष्ट कळल्या. निवृत्तीनंतर त्याने काय केले? प्रशिक्षक म्हणून त्याने स्वतःच्या पद्धतीचा संघ उभा केला का?

रानवाट :

व्यवस्थापक म्हणून त्याला यश आले नाही. १९९१ मध्ये सेल्टिकने त्याला नेमले. त्या क्लबकडून स्वतः न खेळलेला तो त्यांचा पहिलाच व्यवस्थापक. क्लब आर्थिक अडचणीत होता, रेंजर्स जोरात होते, आणि पहिल्याच शरद ऋतूत स्वित्झर्लंडच्या न्यूशातेल झामॅक्सने युएफा कपमध्ये सेल्टिकला ५-१ असे हरवले. ऑक्टोबर १९९३ मध्ये एकही चषक न मिळवता त्याने राजीनामा दिला. नंतरची ब्रायटनमधील दोन वर्षेही क्लबच्या आर्थिक पडझडीतच गेली.

त्याचे खरे दुसरे आयुष्य १९९६ मध्ये आर्सेनलच्या युवा विभागाचा प्रमुख म्हणून सुरू झाले, आणि तिथे तो २०१४ पर्यंत राहिला. त्या काळात क्लबने २०००, २००१ आणि २००९ मध्ये एफए यूथ कप जिंकला. ॲश्ली कोल तिथूनच मुख्य संघात गेला, सेस्क फाब्रेगास सोळाव्या वर्षी बार्सिलोनाहून तिथे आला, आणि लहानपणापासून क्लबमध्ये असलेला जॅक विल्शर २००९ च्या विजेत्या संघात होता. विल्शर डावखुरा होता, चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या गर्दीतून सरळ पुढे निघायचा, आणि त्याला पाहताना जुन्या प्रेक्षकांना कोणाची आठवण होत असे हे सांगायला नको. पंधराव्या वर्षी घर सोडून परक्या शहरात आलेल्या माणसाकडे तशाच मुलांची जबाबदारी सोपवली गेली, यात क्लबचा शहाणपणा होता असे मी मानतो.

निळी शाई :

एक भर घालतो, कारण सायंछाया आणि मधली फळी यांच्या चर्चेशी तिचा थेट संबंध आहे. २००८ ते २०१० या काळात ब्रेडी आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाचा सहायक प्रशिक्षक होता, आणि मुख्य प्रशिक्षक होते जिओव्हानी त्रापात्तोनी, म्हणजे युव्हेंटसमधील त्याचे जुने प्रशिक्षक. १८ नोव्हेंबर २००९ रोजी पॅरिसमध्ये थिएरी ऑन्रीने हाताने चेंडू अडवून विल्यम गालासला पास दिला आणि आयर्लंडचा विश्वचषक हुकला, तेव्हा ब्रेडी त्या संघाबरोबर होता. ऑन्री आणि गालास दोघेही आर्सेनलकडून खेळलेले, हा योगायोग त्याला अधिकच बोचला असणार.

पण मला वेगळेच सांगायचे आहे. त्रापात्तोनींचा आयर्लंड संघही अतिशय सावध खेळत असे. चांगला पास देणाऱ्या अँडी रीडला २००८ नंतर त्यांनी दूरच ठेवले. वेस हूलाहन हा डब्लिनचा छोट्या चणीचा डावखुरा मिडफिल्डर मे २००८ मध्ये कोलंबियाविरुद्ध पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला आणि दुसऱ्यासाठी त्याला नोव्हेंबर २०१२ पर्यंत थांबावे लागले. म्हणजे चार्लटन गेले तरी तो प्रश्न सुटला नाही. मधल्या फळीत चेंडू थांबवणाऱ्या खेळाडूविषयीची ही धास्ती एका प्रशिक्षकापुरती नव्हती, आणि म्हणून सारा दोष चार्लटन यांच्यावर टाकणे मलाही पटत नाही.

पूर्वरंग, आपल्याला सामन्यांच्या आधारे वाचायचे होते, म्हणून एक शेवटची चित्रफीत सुचवतो. २२ जून २०१६, लील, युरो स्पर्धेत आयर्लंड विरुद्ध इटली. चौतीस वर्षांचा हूलाहन अखेरच्या टप्प्यात बदली खेळाडू म्हणून मैदानात आला, त्याने एक सोपी संधी दवडली, आणि लगेच पुढच्या मिनिटाला उजवीकडून डाव्या पायाने वळवलेला चेंडू दोन बचावपटूंच्या मध्ये टाकला. त्यावर डोक्याने गोल करणारा रॉबी ब्रेडी हाही सेंट केव्हिन्स बॉइजचाच. इजिप्तविरुद्धचा सामना आणि ही शेवटची दहा मिनिटे पाठोपाठ पाहा, आणि मग सायंछाया यांच्या त्या वीस मिनिटांविषयी आपले मत इथे जरूर लिहा.